पाव मिलिमीटर

तपासणीला येणाऱ्या मुलांना आदल्या दिवशी तीन गोष्टी बजावलेल्या असतात. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, सकाळी चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही आणि वर येताना जिना पळत चढायचा नाही. तिसरी अट ऐकून आया हसतात. "तो कशाला पळतोय," असं एखादी तरी म्हणतेच, मुलाच्या देखत. मूल खाली बघतं.

पुण्यातल्या एका रुग्णालयात लठ्ठ मुलांच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास चालतो. तिथल्या बालरोग विभागात सकाळच्या वेळी बसून मी हे काम पाहत आले. त्याबद्दल लिहायचं तर आयांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागते. वर्गात, लग्नकार्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये या मुलांना सगळे नजरेनं जोखत असतात. त्यांचं नीट मोजमाप मात्र क्वचितच कुणी घेतलेलं असतं.

मापं घेणाऱ्या सिस्टरना घाई अजिबात चालत नाही. उंचीसाठी मुलगा भिंतीला टेकून उभा राहतो. टाचा, कुल्ले आणि पाठ फळीला लागलेली हवीत. डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं. हनुवटी थोडी वर गेली तरी उंचीचा आकडा बदलतो. वजन हलक्या कपड्यांवर, बूट काढून. मग येते टेप, आणि इथे प्रत्येक मूल एकच गोष्ट करतं: पोट आत ओढतं. सिस्टर टेप सैल सोडतात, शाळेतलं काहीतरी विचारतात, बोलता बोलता त्याचा श्वास बाहेर पडतो आणि त्या क्षणी माप घेतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरायची असते. पँट बांधतो ती कंबर वेगळी आणि ही वेगळी. आकडा त्या मोठ्यानं सांगत नाहीत. कागदावर लिहितात आणि कागद पालथा ठेवतात.

या मापाचा नियम कुणालाही घरी वापरता येईल इतका साधा आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १४० सेंटिमीटर असेल तर घेर ७० च्या आत. वजनकाटा हाडं, स्नायू, पाणी आणि चरबी सगळं एकत्र तोलतो. चरबी कुठे बसली आहे हे त्याला कळत नाही. रक्तवाहिन्यांच्या दृष्टीनं तेच तर महत्त्वाचं असतं. मांड्यांवर, दंडांवर, त्वचेखाली साठलेली चरबी तुलनेनं निरुपद्रवी. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी मात्र स्वस्थ बसत नाही.

त्वचेखालची चरबी मोजायला चिमट्यासारखं एक उपकरण असतं, कॅलिपर. दंडाच्या मागची आणि खांद्याच्या पात्याखालची त्वचा बोटांच्या चिमटीत उचलून त्यावर ते लावायचं आणि काटा स्थिरावला की वाचायचं. पाठीची ही घडी बघताना मला इथल्याच एका मोठ्या कामाची आठवण होत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो होतं. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी, लांबीनं कमी भरली. पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेलं बाळ. पुढे २००४ साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वजन, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

म्हणूनच आपल्या मुलांसाठी मोजपट्टी वेगळी लावावी लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते दिले, त्यांत प्रौढपणीच्या २३ या निर्देशांकाशी जुळणारी रेषा ओलांडली की मूल जास्त वजनाचं आणि २७ ची ओलांडली की लठ्ठ धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० असतात. शेजारच्यांना 'बाळसेदार' वाटणारं, आजीला 'आत्ता कुठे अंग धरतंय' असं वाटणारं मूल या तक्त्यावर रेषेच्या पलीकडे निघतं तेव्हा घरच्यांचा विश्वास बसत नाही. मग डॉक्टर त्यांना मुलाची मान दाखवतात.

मानेच्या मागे, कॉलरच्या खाली, एक काळपट मखमली पट्टा असतो. काखेतही असतो. बहुतेक आया तो महिनोन्महिने घासत आलेल्या असतात. कुणी डाळीचं पीठ लावलेलं असतं, कुणी लिंबू, कुणी काथ्या. मुलगी म्हणते, "आई रोज घासते, आग होते." डॉक्टर आईला शांतपणे सांगतात, "ताई, हा मळ नाही. आजपासून घासू नका." रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की त्वचा अशी जाड आणि काळी होते. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही म्हणून स्वादुपिंड ते जास्त जास्त तयार करतं. साखरेचा रिपोर्ट अजून नॉर्मल येत असतो. मानेवरची खूण त्याच्या कितीतरी आधी उमटते.

यानंतर बीपी. दहा वर्षांच्या मुलाचं बीपी कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. खरं तर तीन वर्षांनंतर प्रत्येक मुलाचं वर्षातून एकदा बीपी बघावं असं बालरोगशास्त्र सांगतं. आपल्याकडे ते क्वचितच होतं, आणि होतं तेव्हाही बऱ्याचदा चुकीच्या पट्ट्यानं. दंडाचा घेर आधी टेपनं मोजायचा. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी त्या घेराच्या निदान ४० टक्के हवी आणि लांबीनं तिनं ८० टक्के तरी दंड वेढलेला हवा. जाड दंडावर लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं. मुलाला पाच मिनिटं गप्प बसवतात, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. तीनदा मोजतात. अनेक मुलांचा पहिला आकडा घाबरल्यामुळे वर असतो आणि तिसऱ्या वेळेला खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांना पुन्हा वेगळ्या दिवशी बोलावतात. एका बैठकीवर कुणाला उच्च रक्तदाबाचा शिक्का लावत नाहीत.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले असतात आणि बोलणं हळू आवाजात चालतं. मुलगा पाठीवर झोपतो, दहा मिनिटं काहीही न करता. हे दहा मिनिटं काहीही न करणं हाच बहुतेक मुलांना सगळ्यात कठीण भाग वाटतो. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर आधी मान जरा कलती करून कॅरोटिड धमनी शोधतात. मेंदूकडे रक्त नेणारी ही वाहिनी मानेत त्वचेच्या अगदी जवळून जाते. पडद्यावर काळा आडवा बोगदा दिसतो. त्याच्या खालच्या भिंतीवर दोन समांतर पांढऱ्या रेषा आणि मध्ये एक बारीक काळी फट. वाहिनीच्या आतल्या दोन थरांची मिळून जाडी म्हणजे पहिल्या रेषेच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंतचं अंतर. मुलांत ती साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दहा वर्षांच्या आसपासची ३६ वजनदार मुलं आणि ३६ सडपातळ मुलं यांची तुलना केली, तेव्हा सरासरी जाडी ०.४९ आणि ०.४५ मिलिमीटर आली. फरक फक्त ०.०४ मिलिमीटरचा. एवढासा फरक पकडायचा म्हणून डॉक्टर एकाच जागेची अनेक चित्रं घेतात, हृदयाच्या ठोक्याच्या एकाच क्षणाला थांबवलेली, आणि त्यांची सरासरी काढतात. मुलानं आवंढा गिळला तर चित्र टाकून देतात आणि पुन्हा सुरुवात करतात.

दुसरी तपासणी हातावर होते, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटली. कॅरोटिडमध्ये वाहिनीची घडण मोजली जाते; इथे तिची वागणूक. कोपराच्या वर दंडातल्या धमनीवर प्रोब स्थिर धरतात आणि तिचा व्यास मोजून ठेवतात. मग कोपराच्या खाली बांधलेला बीपीचा पट्टा फुगवून पुढचा रक्तप्रवाह पूर्ण पाच मिनिटं थांबवतात. हात जड होतो, मुंग्या येतात, बोटं गार पडतात. सिस्टर शेजारी बसून मिनिटं सांगत राहतात. पाच मिनिटं झाली की पट्टा एकदम सोडतात आणि अडलेलं रक्त लोंढ्यासारखं धावतं. तळहात लाल होतो. मुलगा हाताकडे बघत असतो आणि डॉक्टर पडद्याकडे, कारण पुढच्या मिनिटाभरात वाहिनीनं रुंद व्हायचं असतं.

निरोगी मुलाची वाहिनी होते. तीन मिलिमीटरची असेल तर सव्वातीनच्या जवळ जाते, म्हणजे पाव मिलिमीटरनं उघडते. टक्क्यांत सांगायचं तर साधारण आठ. हाँगकाँगच्या त्याच अभ्यासात सडपातळ मुलांच्या वाहिन्या सरासरी ९.७ टक्के उघडल्या आणि वजनदार मुलांच्या ६.६ टक्के. ही सगळी मुलं एरवी निरोगी होती, कुणालाही कसलाच त्रास नव्हता. लहान मुलांत ही तपासणी सुई न टोचता करता येते हे लंडनमध्ये डेव्हिड सेलेरमाजर, जॉन डीनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिलं. आजही ती मुख्यतः संशोधनाचीच तपासणी आहे. प्रत्येक लठ्ठ मुलाला ती करायला सांगण्याची गरज नाही, आणि इथले डॉक्टर पालकांना हे आवर्जून सांगतात.

वाहिनी उघडते ती आतल्या अस्तरामुळे. हे अस्तर, एंडोथेलियम, एका पेशीइतकंच जाड असतं. त्याचं मोल कळलं १९८० मध्ये, अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत. सशाच्या महाधमनीचे तुकडे एका रसायनानं कधी सैल पडत, कधी आकसत, आणि याचं कारण लक्षात येत नव्हतं. शेवटी उलगडा झाला की तुकडे कापताना ज्यांचं आतलं अस्तर घासून निघालं होतं ते सैल पडत नव्हते. म्हणजे सैल पडण्याचा हुकूम अस्तराकडून जात होता. तो हुकूम नेणारा रेणू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे सिद्ध झालं आणि या शोधासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड म्युराड यांना मिळालं. रक्ताचा लोंढा अस्तराला घासत जातो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंतीतले स्नायू सैल होतात, वाहिनी उघडते. त्याच रेणूमुळे रक्तातल्या चिकट पेशी भिंतीला धरत नाहीत.

पोटातली चरबी बिघडवते ती हीच साखळी. चरबीची पेशी भरून फुगली की तिच्याभोवती दाहाच्या पेशी जमतात आणि दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. वाहिन्यांचं रक्षण करणारं अॅडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक, जे चरबीच्याच पेशी बनवतात, ते कमी पडायला लागतं. पोटातल्या चरबीतून सुटलेली चरबीची आम्लं थेट यकृतात जातात, तिथे इन्सुलिनचा परिणाम ओसरतो. इन्सुलिन एरवी अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला सांगत असतं. तो निरोपही दुबळा होतो. या सगळ्यात मुलाला कुठेही दुखत नाही. तो शाळेत जातो, क्रिकेट बघतो, डबा खातो.

यातून पुढे काय होतं हे ज्यांनी शोधलं, त्यांना त्यासाठी मृत्यूकडे बघावं लागलं. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय बावीस, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत आजाराच्या खुणा. लुइझियानातल्या बोगालुसा गावात डॉ. जेराल्ड बेरेनसन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांची मापं घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी काही जण पुढे अपघातात किंवा अन्य कारणांनी दगावले. १९९८ साली अशा दोन ते एकोणचाळीस वयाच्या २०४ जणांच्या विच्छेदनाचा अहवाल आला. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांपैकीही जवळपास निम्म्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांत चरबीचे पिवळे पट्टे सापडले. ज्यांचं वजन, बीपी आणि कोलेस्टेरॉल यांपैकी जितकं जास्त बिघडलेलं होतं, तितकी त्यांच्या वाहिन्यांतल्या पट्ट्यांची व्याप्ती मोठी. हृदयविकार पन्नाशीत सुरू होतो हा समज त्या टेबलावर संपला.

हे ऐकल्यावर एका वडिलांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर, याला ब्लॉकेज आहे का आत्ताच?" त्यांच्या घरात आजोबांची बायपास झालेली होती. डॉक्टर म्हणाले, "नाही. ब्लॉकेज नाही. त्याची वाहिनी आळसावलीय, आणि या वयात ती परत जागी होते. म्हणून तर तुम्हाला आत्ता बोलावलंय." मग मुलाकडे वळून म्हणाले, "तुझं काही चुकलेलं नाही, बरं का. आपण तिघं मिळून हे करायचंय."

या धीराला आधार आहे. हाँगकाँगमध्येच नऊ ते बारा वर्षांच्या ८२ वजनदार मुलांच्या आहारात बदल केला गेला. त्यांतल्या निम्म्यांना देखरेखीखाली व्यायामही दिला. सहा आठवड्यांत दोन्ही गटांच्या वाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त उघडायला लागल्या, व्यायाम करणाऱ्यांच्या अधिक. ज्यांनी वर्षभर व्यायाम टिकवला त्यांच्या मानेतल्या वाहिनीची जाडीही सुधारली. लांब पल्ल्याचा पुरावा याहून दिलासा देणारा आहे. बोगालुसासह अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चार अभ्यासांतल्या ६,३२८ जणांची माहिती २०११ मध्ये एकत्र मांडली गेली. त्यांचा सरासरी २३ वर्षं मागोवा घेतलेला होता. लहानपणी वजनदार असलेली पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली माणसं मधुमेह, रक्तदाब आणि कॅरोटिडची जाडी यांच्या धोक्यात, कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास बरोबरीला आलेली होती.

शेवटचा टप्पा आहारतज्ज्ञ ताईंच्या टेबलावर. त्या 'काय बंद करायचं' ही यादी काढतच नाहीत. आधी कालचा दिवस विचारतात, आणि आईऐवजी मुलाला. सकाळी चहाबरोबर बिस्किटं किंवा खारी, मधल्या सुट्टीत सॉस लावलेली पोळीची गुंडाळी, घरी आल्यावर आजीच्या हातचं काहीतरी गोड, क्लासला जाताना वडापाव, रात्री टीव्हीसमोर जेवण. यात चैन फारशी कुठे दिसत नाही. दिसते ती आई-बाबांच्या नोकरीची वेळ, क्लासची वेळ आणि भुकेच्या वेळी हाताशी असलेली गोष्ट. म्हणून त्या बदलही तिथेच सुचवतात. चहाऐवजी दूध किंवा साधं पाणी, बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, पोह्यांत मटार आणि मोड आलेली कडधान्यं, ताटात आधी भाजी-कोशिंबीर-वरण आणि भात शेवटी. फळ चावून खायचं, रस काढून नाही. आणि हे सगळ्या घरानं. एकट्याच्या ताटात उकडलेलं आणि बाकीच्यांच्या ताटात तळलेलं, असं घर त्या चालू देत नाहीत.

त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट पालकांना फार आश्वस्त करते. वाढत्या मुलाचं वजन उतरवायलाच हवं असं नाही. ते आहे तिथे थांबवलं आणि उंची वाढत राहिली, तरी शरीराचं प्रमाण आपोआप सुधारतं. त्यासाठी पुरेशी झोप आणि रोज निदान तासभर दम लागेल असं खेळणं लागतं. जागतिक आरोग्य संघटनाही पाच ते सतरा वयासाठी रोज ६० मिनिटं सांगते. ताई मुलाला विचारतात, "तुला काय आवडतं?" एकानं खो-खो सांगितलं, पण शाळेचं पटांगण गाड्या लावायला दिलेलं. एका मुलीनं सायकल सांगितली, पण रस्त्यावर सोडायला घरचे घाबरतात. या उत्तरांवर कुठल्याही आहारतज्ज्ञाकडे औषध नाही. ते नगरसेवकाकडे, शाळेच्या व्यवस्थापनाकडे आणि सोसायटीच्या सभेत मागावं लागेल.

मला वाटतं, या खोलीतलं महागडं यंत्र प्रत्येक गावात न्यायची गरज नाही. त्यानं जे सिद्ध करायचं ते केलेलं आहे: पोटातली चरबी मुलाच्या वाहिनीला लहानपणीच बांधून टाकते आणि लहानपणीच ती सुटूही शकते. आता शाळेच्या वार्षिक तपासणीत एक टेप, मुलाच्या दंडाच्या मापाचा बीपीचा पट्टा आणि मानेकडे बघणारी नजर एवढं आलं तरी ज्यांना मदत हवी ती मुलं सापडतील, वरून सडपातळ दिसणारीसुद्धा. ज्यांच्या घरात मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी तर शाळेची वाट बघू नये. या रविवारीच टेप काढावी, मोजावं आणि घेर उंचीच्या निम्म्याच्या वर असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बीपी तपासून घ्यावं. बोलणी खाऊन कुठल्याही मुलाची वाहिनी पाव मिलिमीटर उघडलेली नाही. ती उघडते ती घरच्या बदललेल्या ताटामुळे, वेळेवरच्या झोपेमुळे आणि मोकळ्या मैदानामुळे. या तिन्ही गोष्टी मुलाला देणं मोठ्यांच्या हातात आहे.